न विचारता आलेला टेम्पो

मार्च अर्धा उलटला होता. थंडी गेली होती आणि उन्हाळा अजून चावायला लागला नव्हता. नगरला असे दिवस वर्षातून फार तर पंधरा-वीस मिळतात. सकाळचं ऊन पाठीवर घ्यावंसं वाटतं आणि दुपारी सावलीत बसलं की वारा गार लागतो. यशोधराबाई भिंगारदिवे या दिवसांची वाट वर्षभर बघायच्या. त्या शुक्रवारी तर त्या साडेसहालाच चहा उरकून, जुन्या साडीचा पदर कमरेला खोचून, डोक्याला रुमाल बांधून अंगणात उतरल्या होत्या.

नागापूर एमआयडीसीच्या मागे जी कॉलनी आहे तिथं त्यांचं घर. दोन गुंठ्यांचा प्लॉट, मागच्या अंगाला तीन खोल्या आणि पुढे उरलेलं मोकळं अंगण. प्लॉट घेतला तेव्हा नवरा, महेंद्र, होता. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होता तो. घर उभं राहिलं तेव्हा तो नव्हता. बाई स्वतः आरोग्य खात्यात नर्स. चौतीस वर्षं उपकेंद्रांवर काढली. आधी मिरजगावच्या बाजूला, मग सोनईकडे, मग आणखी दोन-तीन गावं. बाळंतपणं केली, पोरांना लसी टोचल्या, पावसाळ्यात विहिरींत औषध टाकत हिंडल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी कॉलनीत त्यांना कुणी नावानं ओळखत नाही. भाजीवाल्यापासून शाळामास्तरांपर्यंत सगळे ‘सिस्टर’च म्हणतात.

अंगणाच्या एका कोपऱ्यात कडुलिंब होता. घर बांधायच्या आधीपासूनचा, पाव गल्लीवर सावली धरणारा. त्याची जुनी पानं पिवळी होऊन झडत होती आणि शेंड्याला तांबूस कोवळी पालवी फुटली होती. सकाळी खराटा फिरवून फाटकापाशी पोचावं आणि मागं वळून बघावं, तर पुन्हा पन्नास पानं पडलेली. बाईंना त्याचा त्रास नव्हता. पाला गोळा करून त्या शेवग्यामागच्या खड्ड्यात टाकायच्या, वर्षानं त्याचं काळं भुसभुशीत खत निघायचं. गल्लीत अकरा घरं होती. त्यातल्या दहा घरांच्या पुढे भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे रंगीत ब्लॉक बसवलेले होते, तांबडे-पिवळे, नागमोडी. एप्रिल-मे महिन्यांत त्या ब्लॉकांवर संध्याकाळी सातलाही अनवाणी पाय ठेववत नसे. मग त्या दहा घरांतल्या बायका यशोधराबाईंच्या लिंबाखाली येऊन बसायच्या आणि वर, ‘सिस्टर, किती कचरा होतो हो तुमच्याकडे,’ असंही म्हणायच्या.

त्या दिवशी काम मोठं होतं. उन्हाळ्याची भाजी लावायची होती. बाईंनी आदल्या आठवड्यात एक लांबोडका वाफा खणून उन्हात तापत ठेवला होता. आता ढेकळं फोडायची, खत मिसळायचं, सऱ्या ओढायच्या आणि बी टोकायचं. बी त्या लोहाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत ठेवायच्या. प्रत्येक डबीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव आणि तारीख. लशीच्या कुप्यांवर तारीख बघूनच हात लावायची चौतीस वर्षांची सवय, ती भेंडीच्या बियांनाही लागू झाली होती.

गुडघे दुखायचे, म्हणून एक बुटका पाट करून घेतला होता. त्यावर बसायचं, हाताच्या पल्ल्यातलं संपलं की पाट पुढे सरकवायचा. लिंबात तांबट पक्षी एका सुरात ठोकत होता. जास्वंदीवर एवढासा निळा-काळा शिंजीर लोंबकळून मध पीत होता. मातीचा वरचा थर कोमट होता आणि बोट खाली घातलं की गार लागत होता. बाईंनी दोन-तीनदा उगाचच बोट घालून बघितलं. मनात काहीच नव्हतं, आणि तेच तर सुख होतं.

मातीचं हे वेड त्यांना उशिरा लागलं, कारण माती हाताशीच उशिरा आली. बाईंचे वडील, सहादू, जन्मभर दुसऱ्याच्या शेतावर सालानं राहिले. आई आक्काबाई रोजानं खुरपायला जायची. घराला स्वतःची म्हणून वीतभर जमीन नव्हती. पुढे बाई नोकरीला लागल्या त्या सरकारी क्वार्टरमध्येच राहिल्या. प्लॉट घेतला तेव्हा सहादू ऐंशीला टेकले होते. त्यांना दाखवायला आणलं तर ते काही बोलले नाहीत. अनवाणी सगळ्या हद्दीवरून चालत आले, मग म्हणाले, ‘‘यशे, कुदळ दी.’’ आणि मधोमध गुडघाभर खड्डा खणला. बाई म्हणाल्या, ‘‘आबा, इथं कशाला खड्डा?’’ म्हातारा घाम पुसत म्हणाला, ‘‘कशाला न्हाई. खणून बघितलं. कुनी हटकतंय का ते.’’

आबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. बाईंनी ही गोष्ट फारशी कुणाला सांगितली नव्हती. पंकजला, त्यांच्या एकुलत्या मुलाला, एकदा सांगितली होती. पण तेव्हा तो बारावीच्या परीक्षेच्या तयारीत होता आणि त्यानं ती कितपत ऐकली कोण जाणे.

साडेनऊच्या सुमारास रंगुबाई आली. मागच्या वस्तीवरची, दोन म्हशींची मालकीण. डोक्यावर शेणखताचं पोतं. पोतं आत घेता यावं म्हणून बाईंनी फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली. दोघींनी मिळून खत वाफ्यात पसरलं, कालवलं. सऱ्या ओढल्या. बाईंनी गवार टोकली, भेंडी टोकली, कडेनं काकडीची चार आळी केली. रंगुबाईनं झारीनं हलकं पाणी शिंपडलं. वाफा असा दिसायला लागला, की जणू कुणी नुकतीच वेणी घालून बसवलेली पोर.

‘‘झ्याक झालंय बगा, सिस्टर,’’ रंगुबाई म्हणाली.

‘‘थांब, चहा टाकते. हात धू.’’

दोघी मागच्या अंगाला गेल्या. बाईंनी आधण ठेवलं, आलं ठेचलं. तेवढ्यात पुढून इंजिनाची घरघर ऐकू आली, मग ‘येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या’ अशी आरोळी, आणि मग एक धप्प आवाज. बाईंना वाटलं गल्लीत कुणाकडे काही आलं असेल. पण आवाज फारच जवळचा होता. गॅस बंद करून त्या पुढे आल्या.

अंगणात टेम्पो उभा होता. उघड्या फाटकातून उलटा आत आलेला. मागची दोन्ही चाकं वाफ्यात, अर्धी रुतलेली. फळका पाडलेला आणि दोन माणसं सिमेंटचे ब्लॉक काढून भराभर खाली टाकत होती. खाली म्हणजे, जिथं पंधरा मिनिटांपूर्वी गवार टोकली होती तिथं. काकडीच्या एका आळ्यावर तर आधीच गुडघाभर ढीग झाला होता.

‘‘ओ! ओ दादा! थांबा! कुणाच्या घरात शिरलात?’’

टेम्पोच्या पुढच्या दारापाशी एक तिशीतला माणूस मोबाईल बघत उभा होता. खिशाला पेन, गळ्यात कानात घालायची वायर. त्यानं शांतपणे वर बघितलं. ‘‘भिंगारदिव्यांचंच घर हाय ना? पंकज सरांनी लोकेशन धाडलंय. मी वाल्मिक, ब्लॉकवाला. आजी, तुमी सावलीत बसा. आमी करतो सगळं.’’

‘‘आजी मी माझ्या नातीची. तुमची नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘काय करता सगळं?’’

‘‘ब्लॉक बसवायचे, अजून काय. पूर्न अंगन, हितून तिथपर्यंत. सरांना सरप्राईज द्यायचं हुतं तुमाला.’’ वाल्मिकनं हातानं सगळी जागा दाखवली, जशी ती त्याचीच होती. ‘‘उद्या झाड तोडनारे येत्यात. ह्यो लिंब काढला की खोड उपटायला जेसीबी. सोमवारपत्तूर चकाचक. पाला न्हाई, माती न्हाई, झाडायचं टेन्शन न्हाई.’’

‘‘लिंब?’’

‘‘व्हय. मुळ्या ब्लॉक उचलत्यात ना नंतर.’’

बाईंनी वर लिंबाकडे बघितलं. चौतीस वर्षांत त्यांनी बरंच ऐकून घेतलं होतं. एका गावच्या क्वार्टरपुढे त्यांनी असंच अंगण केलं होतं. शेवंती, वांगी, मिरच्या, दारात पपई. कुणी बडे साहेब भेटीला येणार होते. बाई पोलिओच्या फेरीवरून संध्याकाळी परत आल्या तर अंगण खरवडून त्यावर मुरूम टाकलेला आणि गाड्या लावायला चुन्याच्या रेघा मारलेल्या. पपई कडेला आडवी पडलेली, हिरव्या फळांसकट. त्या रात्री त्या काहीच बोलल्या नाहीत. जागा सरकारची होती. बोलायचं कुणाच्या जिवावर? सकाळी उठून तशाच कामावर गेल्या.

पण ही जागा सरकारची नव्हती.

‘‘आधी हे ब्लॉक टाकायचं बंद करा,’’ बाई त्या दोघा माणसांना म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की एकाचा उचललेला हात तसाच राहिला. ‘‘आता टाकलेले परत गाडीत भरा. एकूण एक.’’

वाल्मिक हसला. ‘‘असं कसं, बाई? माल उतरवायचं ठरलंय, भरायचं न्हाई. मला बारा वाजता केडगावला दुसरी खेप हाय. तुमचं काय आसंल ते सरांशी बोला. चला रे, उरका.’’

बाई टेम्पोला वळसा घालून फाटकापाशी गेल्या. फाटकाची दोन्ही दारं ओढून घेतली, कडी घातली, खिळ्याला लटकलेलं कुलूप कडीत अडकवून खटकन दाबलं आणि किल्ली कमरेला खोचली.

‘‘हे काय करताय?’’

‘‘माझ्या घराचं फाटक लावतेय. गाडीत ब्लॉक भरले की उघडेन.’’

‘‘ओ बाई, असं कोंडून ठेवता येत न्हाई मानसाला!’’

‘‘माणसाला कुठं कोंडलंय? ते बाजूचं छोटं दार आहे, तिथून तुम्ही सगळे खुशाल जा. गाडी इथं राहील.’’

इतका वेळ रंगुबाई पायरीवर उभी राहून बघत होती. तिनं खताचं रिकामं पोतं झटकलं, टेम्पोच्या पुढच्या चाकापाशी अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसली. ‘‘आता चालवा गाडी,’’ ती म्हणाली. ‘‘लई शानं हाईत तुमी. बी पेरल्यालं दिसंना व्हय डोळ्याला? डोळं काय केडगावला ठिवलं?’’

वाल्मिकनं कपाळाला हात लावला आणि फोन लावला. तो बोलत बोलत लिंबाखाली गेला. ‘सर’, ‘गेट’, ‘म्हातारी’ असे शब्द ऐकू आले. दोन मिनिटांनी बाईंचा फोन वाजला.

पंकज पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर होता. ‘‘आई, गेट उघड,’’ तो म्हणाला. ‘‘मी मीटिंगमधून बाहेर आलोय.’’

‘‘मी वाफ्यातून बाहेर आलेय. आधी सांग, ही माणसं तू पाठवलीस?’’

‘‘सरप्राईज होतं गं. उद्या आम्ही सगळे येणार होतो ना...’’

‘‘माझ्या अंगणाचं सरप्राईज मलाच?’’

‘‘तुझ्याचसाठी करतोय. तुझे गुडघे बघ. डॉक्टरांनी काय सांगितलंय? खाली बसायचं नाही.’’

‘‘मांडी घालायची नाही असं सांगितलंय. मी पाटावर बसते. डॉक्टर काय म्हणाले ते मी चौतीस वर्षं लोकांना समजावून सांगितलंय, ते तू मला सांगू नकोस. आणि लिंब? लिंबाचे गुडघे दुखतात का?’’

‘‘आई, तो कचरा, ते डास. एखाद्या दिवशी साप निघेल. सगळ्या गल्लीनं ब्लॉक बसवलेत. आपलंच घर असं...’’

‘‘असं म्हणजे कसं?’’

तो म्हणाला, ‘‘हे बघ, तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.’’

‘‘म्हणजे माझं उत्तर तुला ठाऊक होतं,’’ बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता अगदी खाली आला होता. ‘‘ठाऊक असून माणसं पाठवलीस. ठाऊक नसताना न विचारता केलं असतं तर एक वेळ म्हणाले असते, पोराला कळलं नाही. तुला कळत होतं, पंकज.’’

बाईंनी फोन बंद केला आणि पायरीवर बसल्या. हाताची माती त्यांनी पदराला पुसली.

पाच मिनिटं सगळं जिथल्या तिथं राहिलं. रंगुबाई चाकापाशी, दोघं मजूर फळक्यावर बसलेले, वाल्मिक फोनकडे बघत. मग त्याचा फोन वाजला. तो ‘हां सर, हां सर’ म्हणाला आणि चिडून मजुरांकडे वळला. ‘‘भरा रे परत. असं कुठं असतंय का! माल आत आनून परत भरायचा!’’

ते दोघं उतरले. उन्हाचा चटका आता वाढला होता. एकानं खालून द्यायचे, दुसऱ्यानं वर रचायचे. बाईंनी आत जाऊन आधी पाण्याचा तांब्या आणला, मग अर्धवट राहिलेला चहा पुरा केला आणि पाच कप भरून आणले. वाल्मिकनं आधी नको म्हटलं, मग घेतला.

‘‘तुमच्यावर राग नाही,’’ बाई त्या दोघांना म्हणाल्या. ‘‘तुम्हाला जिथं पाठवतात तिथं तुम्ही जाता. मीही जात होते.’’ मग वाल्मिककडे वळून म्हणाल्या, ‘‘तुमच्यावर आहे थोडा. ओला वाफा दिसत होता. आत येण्याआधी एक हाक मारायची होती.’’

वाल्मिकनं कप खाली ठेवला. ‘‘सरांनी सांगितलं हुतं, आईला कळू द्यायचं न्हाई म्हनून.’’

‘‘ते तर आणखी छान,’’ बाई म्हणाल्या.

साडेअकराला टेम्पो गेला. रंगुबाईही म्हशींना पाणी दाखवायला गेली, पण जाताना वाफ्याकडे बघून चार शिव्या मोजून घालून गेली. अंगण पुन्हा गप्प झालं. तांबट ठोकत होता तसाच ठोकत होता. बाईंनी पाट ओढला आणि चाकांनी दाबलेल्या मातीत खुरपं घातलं. माती विटेसारखी दडपली होती. बी कुठं गेलं ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी चार ठिकाणी उकरून बघितलं, मग खुरपं तसंच टाकून दिलं आणि घरात जाऊन पंख्याखाली पडून राहिल्या. बाहेर असं ऊन पडलं होतं, असा वारा सुटला होता, वर्षात पंधरा दिवस मिळणारा दिवस. आणि तो त्यांच्या हातून गेला होता. याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. ब्लॉक गेले ते बरं झालं. पण सकाळी मातीत बोट घालून बसलेली ती बाई आज परत येणार नव्हती.

संध्याकाळी सहाला फाटकापाशी गाडी थांबली. पंकज एकटाच होता, कामावरून तसाच निघून आलेला. बाई तेव्हा वाफ्याचं एक टोक पुन्हा खणत होत्या. त्यांनी वर बघितलं, पण उठल्या नाहीत.

‘‘झाड तोडणाऱ्यांना नको म्हणून कळवलं. अश्विनीला नि बाळीलाही उद्या यायला नको म्हणालो,’’ तो म्हणाला. अश्विनी त्याची बायको, बाळी त्यांची मुलगी. ‘‘म्हटलं आधी मीच जातो.’’

‘‘पाणी माठात आहे.’’

तो पाणी पिऊन आला आणि लिंबाच्या पारावर बसला. चाकांचे दोन चर त्याच्या पुढ्यातच होते.

‘‘आई, खरं सांगू?’’ तो म्हणाला. ‘‘गुडघ्याचं खरं आहे. पण तेवढंच नाही. बाळीचं नामकरण झालं त्या दिवशी अश्विनीचे मामा आले होते. तू फाटकापाशी होतीस, अशीच, रुमाल बांधून, हाताला माती. ते तुला म्हणाले, ‘बाई, मॅडम आहेत का घरात?’ ’’

‘‘म्हणाले. मला हसू आलं होतं.’’

‘‘मला नाही आलं. मी मागेच उभा होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू एवढी वर्षं नोकरी केलीस, मला शिकवलंस, अर्धा तालुका तुला नमस्कार करतो. आणि पाहुण्यांना वाटलं, ही अंगण झाडणारी बाई आहे. मला वाटलं, माती गेली की तू तिच्यात बसणारच नाहीस.’’

बाईंनी खुरपं खाली ठेवलं. तो आल्यापासून पहिल्यांदा त्या त्याच्याकडे नीट बघत होत्या. त्यांना वाटलं होतं आता राग उतरेल. पण तो उलट नव्यानं वर आला.

‘‘अंगण झाडणारी बाई वाटले, तर काय झालं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘झाडतच होते ना मी? तुझी आजी, माझी आई, चाळीस वर्षं खुरपत होती. दुसऱ्याच्या वावरात. दिवसभर गवारीच्या पातीत वाकलेली असायची आणि दोन शेंगा ओच्यात टाकायच्या तर मालकिणीला विचारावं लागायचं. विचारलं की ती कधी हो म्हणायची, कधी चारचौघींत बोलायची. मी सोबत असायचे, मला आठवतं. तिच्या हातात खुरपं होतं आणि माझ्या हातात खुरपं आहे, एवढंच तुला दिसलं. ती कुणाच्या मातीत होती आणि मी कुणाच्या मातीत आहे, हे दिसलं नाही? त्या मामांना नसेल दिसलं, त्यांना काय माहीत. तुला माहीत होतं.’’

‘‘आई...’’

‘‘थांब, माझं झालेलं नाही. तुला लाज वाटली. वाटू दे, वाटते माणसाला. पण माझी लाज वाटली म्हणून तू माझी जमीन झाकायला निघालास, आणि वर म्हणालास, तुझ्याचसाठी. मी कधी बसायचं, कुठं बसायचं, कुठलं झाड ठेवायचं, हे आता तू ठरवणार? माझ्या बदल्या साहेबांनी ठरवल्या, क्वार्टर साहेबांनी ठरवलं. ते तरी सही करून कागद पाठवायचे.’’

पंकजचं तोंड उतरलं. गल्लीत कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. तो खाली बघत म्हणाला, ‘‘चुकलं माझं.’’

‘‘नुसतं चुकलं म्हणू नकोस. चहात साखर जास्त पडली तरी माणूस चुकलं म्हणतो. काय केलंस ते म्हण.’’

त्याला ते जड गेलं. पण तो म्हणाला. ‘‘मी तुला विचारलं नाही. मुद्दाम विचारलं नाही.’’

बाईंनी मान हलवली. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत, कारण केलं नव्हतं. तोच म्हणाला, ‘‘मग आता मी काय करू?’’

‘‘कुदळ शेवग्यापाशी आहे. दाबलेली सगळी माती पुन्हा खणून दे. बूट काढ आधी.’’

त्यानं बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि कुदळ घेतली. पहिल्याच घावाला कुदळ तिरकी लागून दांडा हाताला झिणझिण्या देऊन गेला. बाईंनी ओरडून पाय लांब ठेवायला सांगितलं. चार घावांत त्याला धाप लागली, दहा घावांत तळहाताला फोड आला. बाई पाटावर बसून मागून ढेकळं फोडत होत्या आणि बोलत होत्या, ‘‘खोल जाऊ दे, नुसतं खाजवू नकोस. असं उकरलेलं कोंबडीनंही उकरलं असतं.’’ अंधार पडेपर्यंत जेमतेम निम्मा वाफा झाला. उरलेला त्यानं सकाळी उठून केला, कुणी न सांगता.

रात्री त्यांनी त्याला पिठलं-भाकरी वाढली. दुसरी भाकरी न विचारता टाकली, मग तिसरी. जेवणावर राग काढायची त्यांची रीत नव्हती. पण बोलणं तेवढ्यापुरतंच झालं. मीठ दे, पाणी घे.

शनिवारी दुपारी तो निघाला. गाडीत बसला, काच खाली केली, पण चावी फिरवेना. बाई फाटकाला हात टेकून उभ्या होत्या. वर लिंबातून एकेक पान गिरकी घेत गाडीच्या टपावर पडत होतं.

‘‘पुढच्या आठवड्यात अश्विनीला आणि बाळीला घेऊन येऊ का?’’ त्यानं विचारलं.

‘‘ये.’’

‘‘आणि तुझा राग?’’

‘‘तो आहे अजून,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पोचलास की फोन कर.’’